वेल्डिंगचा धूर खेचणारे फिरते यंत्र : १४ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेले १४ महिने वेल्डिंगचा धूर खेचून घेणारी सहा फिरती यंत्रे वापरात आहेत. चाकांवर बसवलेली लोखंडी पेटी, तिच्यावर हवा तसा वळवता येणारा तीन मीटर लांबीचा हात, हाताच्या टोकाला ३० सेंटिमीटर व्यासाचे तोंड, पेटीच्या आत फिल्टर आणि त्यामागे पंखा, असे त्यांचे स्वरूप आहे. शेडमधील हवेची जबाबदारी माझ्याकडे असल्याने यंत्रांची निवड, तपासणी आणि देखभाल या तिन्ही गोष्टी मला जवळून पाहता आल्या. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण याच रचनेची यंत्रे अनेक जण बनवतात आणि पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी, चांगल्या आणि वाईट दोन्ही, त्या सगळ्यांना लागू पडतील असे माझे मत आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगतो : यंत्र घेण्याजोगे आहे, पण माहितीपत्रकात ठळक छापलेला हवेच्या प्रमाणाचा आकडा पाहून ते घेऊ नये. तोंड आर्कच्या, म्हणजे वेल्डिंग जेथे होते त्या प्रखर विद्युत ज्योतीच्या, किती जवळ आणता येते आणि दिवसभर तेथे ठेवता येते, यावर त्याची सगळी उपयुक्तता अवलंबून आहे.

यंत्रे येण्यापूर्वी शेडच्या एका भिंतीत उंचावर चार मोठे एक्झॉस्ट पंखे होते आणि जवळपास प्रत्येक वेल्डरच्या मागे एक उभा पंखा होता. संपूर्ण जागेत ताजी हवा खेळवून दूषित हवा पातळ करत राहण्याची ही पद्धत उष्णतेसाठी किंवा थोड्या प्रमाणात, सगळीकडून सारख्याच सुटणाऱ्या कमी विषारी वाफांसाठी योग्य आहे. वेल्डिंगचा धूर तसा नसतो. तो एका बिंदूपाशी तयार होतो, तापलेल्या हवेबरोबर सरळ वर चढतो आणि जॉबवर, म्हणजे जोडायच्या वस्तूवर, वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्याच वाटेवर असतो. शेडच्या हवेत मिसळून पातळ होण्याआधीच तो नाकात गेलेला असतो. भिंतीतले पंखे कितीही मोठे केले तरी चेहऱ्यासमोरच्या या वीतभर जागेत त्यांचा काहीच अंमल चालत नाही. उभ्या पंख्यांनी तर एकाचा धूर पुढच्याकडे ढकलण्याचे काम वर्षानुवर्षे केले, आणि ते थांबवायला आम्ही इतका उशीर लावला याची मला आजही खंत आहे.

धुराच्या धोक्याविषयी थोडक्यात लिहितो. त्यातील बहुतेक कण एक मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, त्यामुळे ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात. साध्या पोलादाच्या धुरात मँगनीज असते आणि त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केल्यास जस्ताच्या धुराने त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचे षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) हे अतिविषारी रूप सापडते, ज्याच्यासाठी अमेरिकेतील मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे केवळ ५ मायक्रोग्रॅम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आणि त्यानंतर २०१९ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी शेडच्या आत होणाऱ्या सर्व वेल्डिंगसाठी, साध्या पोलादाच्या वेल्डिंगसाठीसुद्धा, धूर उगमापाशीच खेचण्याची अपेक्षा ठेवली. म्हणजे 'आमच्याकडे फक्त माइल्ड स्टीलच असते' हा युक्तिवाद आता टिकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माहितीपत्रकात ताशी १२०० घनमीटर हवा असा आकडा होता. यंत्रे आल्यावर मी पहिल्या यंत्राच्या तोंडावर नऊ ठिकाणी अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे उपकरण) धरून वेग मोजला. त्याची सरासरी सेकंदाला ३.२ मीटर आली, आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणले असता ताशी सुमारे ८१५ घनमीटर एवढेच प्रमाण निघाले. पुरवठादाराला विचारल्यावर कळले की छापलेला आकडा पंख्याचा आहे, म्हणजे हात आणि फिल्टर यांचा अडथळा धरण्यापूर्वीचा. यात खोटेपणा आहे असे मी म्हणणार नाही, परंतु वेल्डरच्या दृष्टीने त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. तोंडावर मोजलेले प्रमाण, तेही फिल्टर काहीसा भरल्यानंतरचे, हाच त्याच्या कामाचा आकडा आहे.

आणि तो आकडासुद्धा निम्मीच गोष्ट सांगतो. हवा फुंकणे सोपे आणि खेचणे अवघड, हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते : हातभर अंतरावरची ज्योत फुंकर मारून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती हलतही नाही. फुंकलेला झोत एकाच दिशेने जातो आणि तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही त्याचा सुमारे दहावा भाग वेग शिल्लक असतो. खेचताना मात्र तोंड आपल्या चहूबाजूंची हवा, मागचीसुद्धा, एकाच वेळी ओढते आणि त्यामुळे अवघ्या एका व्यासाच्या अंतरावर वेग दहाव्या भागापर्यंत घसरतो. १९३० च्या दशकात संशोधक डॅलाव्हॅले यांनी मांडलेले समीकरण आजही यासाठी वापरले जाते. ते असे सांगते की एखाद्या बिंदूपाशी मिळणारा वेग काढायचा असेल, तर दर सेकंदाच्या हवेच्या प्रमाणाला अंतराच्या वर्गाची दहापट अधिक तोंडाचे क्षेत्रफळ, या बेरजेने भागावे. वेल्डिंगच्या धुरासारखा संथपणे सुटणारा धूर वळवून तोंडात घ्यायचा असेल तर आर्कपाशी सेकंदाला साधारण ०.५ ते १ मीटर वेग लागतो, असे या विषयातील रूढ मार्गदर्शन आहे.

आमच्या यंत्राचे ८१५ घनमीटर या समीकरणात घातले तर १५ सेंटिमीटरवर सुमारे ०.७६ मीटर, २० सेंटिमीटरवर ०.४८ मीटर, ३० सेंटिमीटरवर ०.२३ मीटर असे वेग मिळतात. याचा अर्थ असा की वीतभर अंतरावर हे यंत्र चोख काम करते आणि आणखी दहा सेंटिमीटर मागे सरकवले की ते जवळजवळ निकामी होते, मग पेटीत पंखा कितीही जोरात फिरत असो. स्मोक ट्यूबने, म्हणजे चाचणीसाठी धुराची बारीक रेघ सोडणाऱ्या नळीने, धूर सोडून पाहिल्यावर हेच दृश्य डोळ्यांना दिसले. २० सेंटिमीटरवरून धुराची रेघ सरळ तोंडात वळत होती, तर ३० सेंटिमीटरवर ती डळमळत अर्धी आत आणि अर्धी वर जात होती. मी प्रत्येक वेल्डरला ही चाचणी स्वतः करून पाहायला लावली. कोणत्याही सूचनाफलकापेक्षा तिचा उपयोग अधिक झाला.

येथे दोन स्वस्त सुधारणा सुचवतो, कारण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख नाही. तोंडाभोवती पत्र्याची रुंद सपाट कडा बसवली की मागून येणारी निरुपयोगी हवा अडते आणि त्याच वेगासाठी लागणारे हवेचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. पुरवठादाराने आम्हाला यावर मोठी मोटर सुचवली होती. परंतु पंख्याच्या नियमाप्रमाणे हवा वेगाच्या प्रमाणात वाढते आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पूर्ण रुंदीच्या कडेने जेवढा फायदा होतो तेवढाच पंख्याचा वेग वाढवून मिळवायचा असेल, तर विजेची गरज सुमारे २.४ पट होईल. अर्थात पूर्ण फायद्यासाठी कडा २५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद लागते आणि एवढी कडा हलत्या हातावर सोयीची नसते. म्हणून टेबलावरच्या कामासाठी आम्ही दुसरा मार्ग धरला : हाताचे तोंड थेट टेबलावर टेकवायचे, म्हणजे टेबलाचा पृष्ठभागच खालच्या बाजूची हवा अडवतो. त्याच समीकरणातील दहापट तेथे पाचपट होते आणि ३० सेंटिमीटरवरचा वेग ०.२३ वरून ०.४३ मीटरपर्यंत जातो. २५ सेंटिमीटरवर तो ०.५ च्या वर सहज राहतो. लहान जॉबच्या टेबलांवर आता सगळे जण हीच पद्धत वापरतात.

हाताविषयी माझे मत संमिश्र आहे. तोंडाजवळ बसवलेला दिवा ही या यंत्रातील सर्वांत हुशार गोष्ट मला वाटते. जॉब नीट दिसावा म्हणून वेल्डर आपणहून दिवा जवळ ओढतो आणि त्याच्याबरोबर तोंडही जवळ येते. अर्थिंगच्या केबलभोवती लावायचा संवेदक वेल्डिंगचा प्रवाह ओळखून पंखा आपोआप चालू करतो आणि आर्क विझल्यावर काही सेकंद तो चालू ठेवतो, तेही उत्तम. सांधे मात्र निराशाजनक आहेत. पाच-सहा महिन्यांत तीन यंत्रांचे हात हळूहळू खाली झुकू लागले आणि एकदा हात स्वतःच्या जागी राहत नाही असे लक्षात आले की वेल्डर त्याला बाजूला सारतो. घर्षणाने धरणारे सांधे दर महिन्याला आवळावे लागतात, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. आतील लवचिक नळी सांध्यापाशी दुमडली की हवा किती घटते, तेही मोजून पाहण्यासारखे आहे.

वेल्डरांची एक तक्रार मी प्रथम उडवून लावली होती आणि ते माझे चुकले. टिग आणि सीओटू या आर्कभोवती संरक्षक वायू सोडणाऱ्या वेल्डिंगच्या पद्धतींमध्ये तोंड फार जवळ आले तर आर्कभोवतीचे वायूचे कवच विस्कटते आणि जोडात बारीक छिद्रे पडतात. १५ सेंटिमीटरच्या आत आणल्यावर आमच्याही काही जोडांत तशी छिद्रे दिसली. म्हणून आता टिगसाठी २० सेंटिमीटर, थोडे बाजूला आणि किंचित वर, असे आम्ही ठरवले आहे. धूर चेहऱ्यापासून दूर वळला पाहिजे, त्यामुळे आर्क आणि तोंड यांच्या मध्ये डोके कधीही येता कामा नये. डोक्यावर छत्रीसारखे तोंड टांगण्याची कल्पना काही ठिकाणी दिसते. तिच्यात धूर आधी नाकाजवळून जातो आणि मग खेचला जातो, म्हणून वाकून काम करणाऱ्या माणसासाठी मी तिचा कधीच आग्रह धरणार नाही. उघड्या दारातून येणारा वारा आणि उभे पंखे यांच्याविषयीही तेवढेच काटेकोर राहावे लागते, कारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाची झुळूक आपल्याला जेमतेम जाणवते आणि तेवढीच झुळूक यंत्राची सारी मेहनत पुसून टाकते.

सातव्या महिन्यात घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. एका कोपऱ्यातील सॉकेट बदलल्यानंतर तेथील यंत्राविषयी 'आवाज येतो पण धूर राहतो' अशी तक्रार आली. फिल्टर स्वच्छ होता, नळी सरळ होती, तोंडावर हात धरला तर हवा आत जाताना जाणवत होती. मोजल्यावर मात्र प्रवाह निम्म्याहूनही कमी निघाला. थ्री-फेज जोडणीतील दोन तारांची अदलाबदल झाल्याने पंखा उलटा फिरत होता. या यंत्रातल्यासारख्या सेंट्रिफ्यूगल (हवा कडेकडे फेकणाऱ्या) पंख्याची गोष्ट अशी की तो उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, केवळ फार कमी जाते. त्यामुळे हाताला किंवा कानाला शंका येत नाही. एक माणूस तीन आठवडे त्या यंत्राच्या भरवशावर काम करत होता. फेजचा क्रम चुकल्यास यंत्र चालूच होऊ नये अशी साधी व्यवस्था या किमतीच्या वस्तूत असायलाच हवी होती आणि ती नाही, हा माझ्या दृष्टीने या यंत्राचा सर्वांत गंभीर दोष आहे. आता आम्ही सॉकेट बदलले की प्रत्येक वेळी अॅनिमोमीटर लावतो.

फिल्टर आयएसओ २१९०४ मानकातील डब्ल्यू३ वर्गाचा आहे, म्हणजे चाचणीत आत आलेल्या वेल्डिंगच्या धुराचा किमान ९९ टक्के भाग तो वेगळा करतो. दाबाच्या हवेचा झटका देऊन त्याच्यावरील थर झाडण्याची सोयही चांगली चालते. तथापि हे ९९ टक्के तोंडात शिरलेल्या धुराविषयी आहेत. जो धूर तोंडात आलाच नाही त्याच्याविषयी फिल्टरचा वर्ग काहीही सांगत नाही, आणि विक्रीच्या बोलण्यात हा फरक फार सहज बुजवला जातो. फिल्टर भरत जातो तसा प्रवाह घटतो, पण पंख्याचा आवाज ओळखू येण्याइतका बदलत नाही. म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक दाखवणारा मापक रोज वाचणे भाग आहे. आमच्या यंत्रांवर त्याऐवजी केवळ एक लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत तोंडावरचा वेग २.४ मीटरपर्यंत खाली आलेला आढळला, त्यामुळे आम्ही स्वतः मापक बसवून घेतले. ग्राइंडरच्या ठिणग्या या तोंडात जाऊ देऊ नयेत. ठिणग्या अडवणारी जाळी आहे, पण साठलेल्या धुळीत आग धुमसण्याचा धोका तिने पूर्ण टळत नाही. शिवाय ग्राइंडिंगचे कण ज्या वेगाने उडतात तो पकडण्याची या हाताची क्षमताच नाही. अॅल्युमिनियमची धूळ तर या यंत्रात अजिबात येऊ देऊ नये, कारण ती स्फोटक असते आणि तिच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. टिगमध्ये तयार होणारा ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे, सीओटू वेल्डिंगमधला कार्बन मोनॉक्साइड हे सगळे फिल्टरमधून निघून पेटीच्या मागच्या जाळीतून पुन्हा शेडमध्ये येतात. सक्रिय कोळशाचा जादा थर घेतला तरी कार्बन मोनॉक्साइड त्यात थांबत नाही. पुरवठादाराने 'स्वच्छ हवा परत शेडमध्ये' हे या यंत्राचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते. मी ते मर्यादा म्हणून सांगेन. स्टेनलेस स्टीलच्या दोन जागी आम्ही पेटीच्या मागच्या तोंडाला डक्ट (हवा वाहून नेणारा नळ) जोडून हवा छताच्या वर नेऊन सोडली. त्यासाठी आधी लवचिक नळी वापरली तेव्हा प्रवाह एवढा घटला की ती काढून गुळगुळीत पत्र्याचा डक्ट आणि मोठ्या वळणाचे कोपरे घालावे लागले. जी हवा बाहेर टाकली तिच्या भरपाईची हवा आत येण्यासाठी वाट ठेवणेही आलेच. सगळी दारे बंद असलेल्या दिवशी दोन्ही यंत्रांचा वेग कमी भरला आणि दार उघडताच तो पूर्ववत झाला, इतका हा संबंध सरळ आहे.

सेवेबद्दल मी समाधानी नाही. सुटे भाग वेळेवर मिळतात, हे मान्य. पण पहिला फिल्टर बदलायला आलेल्या माणसाने तो शेडच्या मधोमध जमिनीवर आपटून झाडला, तोंडाला मास्क नव्हता आणि आजूबाजूला माणसे काम करत होती. महिनोन्महिने गोळा केलेले मँगनीज आणि क्रोमियम दोन मिनिटांत हवेत परत गेले. तेव्हापासून हे काम आम्ही स्वतः करतो : शिफ्ट संपल्यावर, योग्य श्वसनयंत्र लावून, फिल्टर जागच्या जागी पिशवीत बंद करून. धूळपात्र रिकामे करतानाही झाडू किंवा दाबाची हवा वापरत नाही, सूक्ष्म कण धरणारा व्हॅक्यूम क्लीनर वापरतो.

ज्या कामांना हे यंत्र उपयोगी पडले नाही ती कामेही सांगितली पाहिजेत. चार मीटर लांबीच्या जोडावर वेल्डर सरकत जातो आणि हात मागेच राहतो. दर अर्ध्या मीटरला थांबून तोंड हलवण्याची शिस्त कागदावर सोपी आणि कामाच्या घाईत अवघड असते. अशा लांब जोडांसाठी टॉर्चमध्येच खेचण्याची सोय असलेली साधने मला अधिक योग्य वाटतात, कारण तेथे तोंड आपोआप आर्कबरोबर चालते. टाकीच्या आत तर हे यंत्र पुरेसे मुळीच नाही. तेथे सक्तीने ताजी हवा आत सोडणे, ऑक्सिजन मोजत राहणे आणि बाहेर देखरेखीला माणूस असणे यांना पर्याय नाही. ज्या शेडमध्ये वेल्डिंगची टेबले कायम एकाच जागी आहेत तेथे मी फिरती यंत्रे घेणारच नाही. एकच पंखा, एकच फिल्टर आणि प्रत्येक टेबलापर्यंत नीट आखलेले डक्ट, अशी स्थिर यंत्रणा तेथे जास्त विश्वासाची ठरते. डक्टमध्ये वेल्डिंगच्या धुरासाठी सेकंदाला सुमारे १० ते १३ मीटर वेग राखला की धूळ आत साचत नाही. नवीन टेबल जोडताना मात्र कोणी मनाने फांदी काढली तर बाकीच्या सगळ्या तोंडांची हवा कमी होते, एवढे त्या यंत्रणेचे पथ्य आहे. फिरते यंत्र त्यांच्यासाठी आहे ज्यांचे जॉब मध्यम आकाराचे आहेत आणि कामाची जागा आठवड्याला बदलते. आमची शेड तशीच आहे, म्हणून एकूण हिशेबात आमची निवड बरोबर ठरली. टेबलावरच्या कामात वेल्डरच्या कॉलरवर, मुखवट्याच्या आत, नमुना घेणारा पंप लावून पूर्वी आणि नंतर केलेल्या तपासणीत मँगनीज स्पष्टपणे खाली आलेले दिसले. लांब जोडांच्या कामात तेवढा फरक पडला नाही आणि तेथे आजही श्वसनयंत्र अनिवार्य आहे.

आता कोणी हे यंत्र घेणार असेल तर खरेदीच्या मागणीपत्रात चार गोष्टी लिहून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. हवेचे प्रमाण हाताच्या तोंडावर, फिल्टर बदलण्याच्या वेळी असतो तेवढा अडथळा धरून, हमी म्हणून लिहून द्यावे. दाबफरक दाखवणारा मापक आणि फेजचा क्रम तपासणारे संरक्षण यंत्रातच असावे. यंत्र ताब्यात देताना पुरवठादाराने स्वतः, खऱ्या वेल्डरसमोर आणि खऱ्या जॉबवर, स्मोक ट्यूबने धूर पकडून दाखवावा आणि त्या दिवशी मोजलेले वेग व दाब यंत्राच्या वहीत सही करून नोंदवावेत. ब्रिटनमध्ये अशा यंत्रणांची सखोल तपासणी किमान दर १४ महिन्यांनी बंधनकारक आहे. तसा नियम आपल्याला लागू असो वा नसो, तुलनेसाठी पहिल्या दिवसाचे आकडे हाताशी नसतील तर त्या तपासणीत काय बिघडले ते कळणार नाही. आमच्या सहा यंत्रांपैकी पहिल्या दोनांचेच असे आकडे मी घेतले होते. उरलेल्या चारांची पहिली तपासणी याच आठवड्यात चालू आहे आणि त्यांच्याबाबत आमच्याकडे तुलनेला काहीच नाही.